पट्टी उतरवा, भजन सोडू नका

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत भजनाला उभे राहतात. अलीकडे वरच्या सुरांना आवाज फाटतो. गाणं थांबवावं का?
– एक वाचक, ओतूर

उत्तर : मुळीच नको! वयानुसार स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, ते नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. छातीचा दमही उणावतो. म्हणून आधी तार सप्तक हलतं. मधल्या सुरांतला गोडवा मात्र पुष्कळ टिकतो. पेटीवाल्याला काळी चारवरून काळी तीनवर यायला सांगा. यात कमीपणा कसला? जगभरचे अनेक रॉक गायकही उतारवयात आपलीच गाणी खालच्या पट्टीत गातात. आशा भोसले तर २०२३ मध्ये नव्वदाव्या वाढदिवशी दुबईत रंगमंचावर गायल्या.

खरा घात होतो तो टाळ-पखवाजावर आवाज चढवण्याने. माईक जवळ घ्या, चाल चढली की कोरसला उचलू द्या. रोज सकाळी पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून, हुंकार देत बुडबुडे काढायचे. स्वरतंतूंना हा हलका व्यायाम मानवतो. तंबाखू, मिश्री बंद. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्याच.