बोर्डो मिश्रण कसे ओळखावे

पाण्यात मीठ टाकले की ते दिसेनासे होते आणि रात्रभर ठेवले तरी तळाशी बसत नाही. यास द्रावण म्हणतात. भिंतीस लावावयाचा चुना मात्र स्थिर ठेवला की खाली साका व वर निवळी असा विभागतो. कोकणात सुपारीची फळे कुजवून गळविणाऱ्या कोळेरोगावर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण या दुसऱ्या प्रकारचे असते.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. १ किलो कळीचा चुना विझवून दुसऱ्या ५० लिटर पाण्यात कालवावा व गाळून घ्यावा. भांडी लोखंडी नसावीत. नंतर दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतीत ढवळावे. मिठाचे पाणी आटविल्यास मीठ परत मिळते. येथे मात्र रासायनिक क्रिया होऊन आकाशी रंगाचे नवेच कण बनतात. नाव तेवढे मिश्रणाचे.

मग घासून स्वच्छ केलेला विळा थोडा वेळ त्यात बुडवावा. पात्यावर तांबूस थर आल्यास मोकळे तांबे उरले आहे असे समजावे. त्याने पाने करपतात. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा परीक्षा करावी. घाईत हीच परीक्षा टाळली जाते.

फवारताना मिश्रण सतत ढवळावे, अन्यथा एका झाडास पाणी व दुसऱ्यास साका मिळेल. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. शिळ्या मिश्रणातील कण जाड होऊन फळास नीट चिकटत नाहीत.