भात्यावरचा हात

प्रश्न : आमचं गोल बाजारात पूजासाहित्याचं दुकान आहे. घरात माझ्या वडिलांची पेटी आहे. सहावीतला नातू तिच्यावर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ वाजवतो. सूर बरोबर लागतात, पण टीव्हीवर ऐकलेलं ते भरलेपण येत नाही. ‘आजोबा, काय कमी पडतंय?’ असं तो विचारतो आणि मला सांगता येत नाही. या गाण्याच्या संगीतात लुई बँक्स नावाच्या जॅझ पियानोवादकाचा हात होता असं वाचलं. जॅझ वाजवणारा माणूस या गाण्याच्या भैरवीत काय करत होता? आणि असा माणूस आपल्या देशात पोट कसं भरतो?
— एक वाचक, गोल बाजार, रायपूर

उत्तर : आज संध्याकाळी नातू पेटीवर बसला की त्याचा डावा हात कुठे आहे ते बघा. भात्यावर असेल. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पेटीवाल्याचा एक हात हवा भरण्यात गुंततो, म्हणून उरलेल्या हाताने तो चाल तेवढी वाजवतो. पियानोला भाता नसतो. तिथे उजवा हात चाल म्हणतो तेव्हा डावा हात त्या चालीखाली जमीन घालतो. तुमच्या नातवाला जे कमी पडतंय ते या डाव्या हाताचं काम आहे. त्याच्या कानाला ती उणीव जाणवली, याचं मला फार कौतुक वाटतं.

ही जमीन म्हणजे काय, ते पेटीवरच करून बघता येईल. पांढरी एक हा सा धरा. करंगळीने वरचा सा दाबा आणि शेवटपर्यंत सोडू नका. त्याच्या खाली आधी कोमल ग आणि प एकदम दाबा. मग ते सोडून म आणि कोमल ध. मग कोमल ग आणि कोमल ध. शेवटी कोमल रे, म आणि कोमल ध हे तिन्ही एकत्र. नातवाची बोटं पुरली नाहीत तर तुम्ही दाबा. वरचा सा एकदाही हललेला नाही, तरी प्रत्येक वेळी तो वेगळा वाटेल. पहिल्यांदा घरी बसल्यासारखा, दुसऱ्यांदा उंबऱ्याबाहेर गेलेला, तिसऱ्यांदा अंगावर ऊन आलेला, आणि चौथ्यांदा कुठेतरी निघायची हुरहूर लागलेला. यातला एकही स्वर भैरवीबाहेरचा नाही. ‘मिले सुर’मध्ये नेमक्या याच जोड्या आहेत असं मी म्हणत नाही, पण सुराखालची जमीन बदलली की सुराचा अर्थ बदलतो, एवढं तरी कानाला कळेल. अशा स्वरपुंजाला कॉर्ड म्हणतात.

आपल्या रागसंगीतात जमीन एकच असते. तंबोरा सा धरून बसतो आणि गवय्या त्यावर इमला चढवतो. जॅझमध्ये जमीन ठरलेल्या क्रमाने सरकत राहते. बारा पट्ट्यांचा ब्लूज घ्या. प्रत्येक पट्टीत चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन झालं. त्यात कॉर्डांचा क्रम ठेक्यासारखा ठरलेला असतो. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर मनाने बांधत जातो, आणि शेवटी पुन्हा चाल येते. बंदिश, विस्तार आणि परत मुखडा, हे आपल्याला ओळखीचंच आहे. फरक इतकाच की विस्तार करताना पायाखालची प्रत्येक पायरी लक्षात ठेवावी लागते. 1959 साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी या पायऱ्या कमी करून बघितल्या. ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधल्या ‘सो व्हॉट’मध्ये सोळा पट्ट्या एकाच स्वरसप्तकात जातात, आणि ते सप्तक आपल्या काफी थाटाचं आहे. पियानोवर बिल इव्हान्स होते. इव्हान्स यांची डाव्या हाताची एक सवय पुढे सगळ्यांनी उचलली : मूळ स्वर वाजवायचाच नाही. तो बासवाला देतोच आहे, मग आपण त्याच्या आजूबाजूचे, रंग देणारे स्वर द्यायचे. चांगला डावा हात काय वाजवतो याइतकंच तो काय सोडून देतो हेही ऐकण्यासारखं असतं.

आता लुई बँक्स. जन्म 1941, दार्जिलिंग, नेपाळी घराणं. मूळ नाव डंबर बहादुर. वडील पुष्कर बहादुर ट्रम्पेट वाजवायचे. युरोपियन बँडांमध्ये काम मिळवायला नाव तसंच हवं, म्हणून ते जॉर्ज बँक्स झाले आणि मुलाला त्यांनी जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचं नाव दिलं. तुम्ही आजोबा आहात म्हणून मुद्दाम सांगतो : बँक्स यांचे आजोबा बखत बहादुर यांनी नेपाळच्या राजेशाहीतल्या राष्ट्रगीताला चाल दिली होती. आजोबांनी एका देशाचं गीत बांधलं आणि नातवाचा हात शेजारच्या देशात राष्ट्रगीतासारखंच मनात बसलेल्या एका गाण्याला लागला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तेच मनात घोळवत होतो.

पोट कसं भरतं, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण जॅझवाल्यांच्या चरित्रात हाच भाग बाजूला पडतो. बँक्स यांच्या बाबतीत त्याची सुरुवात हॉटेलांपासून होते. दार्जिलिंगला वडिलांच्या बँडमध्ये वाजवलं, मग काठमांडूचं सोल्टी हॉटेल, मग कोलकाता. पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्लू फॉक्स’मध्ये त्यांचा बँड आणि गायिका पॅम क्रेन यांनी नाव कमावलं. लोक जेवायला येत आणि संगीत जेवणाच्या सोबतीला असे. अशा ठिकाणी रोज रात्री तासन्‌तास वाजवणं ही मोठी तालीम असते. गायिकेच्या गळ्यानुसार ऐन वेळी सूर बदलून घ्यायचा, एक गाणं संपतंय तोवर दुसऱ्याची वाट काढायची. बँक्स यांच्या आधी हॉटेलांत वाजवणारे टेडी वेदरफर्ड 1945 साली याच कोलकात्यात वारले. अमेरिकेतून आलेले हे कृष्णवर्णीय पियानोवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही वाजवून गेले होते. आपल्याकडे जॅझ ज्यांनी रुजवला त्यांच्यात त्यांचं नाव घ्यायलाच हवं.

मग आर. डी. बर्मन यांनी बँक्स यांना मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणलं. ‘मुक्ती’ (1977) हे त्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे मुंबई हेच घर झालं, आणि घर चालवलं ते जाहिरातींच्या जिंगल्सनी. तीस सेकंदांत एक भाव उभा करायचा, वळवायचा आणि संपवायचा, तोही स्टुडिओचं भाडं चालू असताना. ज्याचा हात रोज नव्या वाटा शोधतो त्याला हे जमतं. जिंगल करणं म्हणजे कलेशी तडजोड, असं काही रसिक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याच पैशावर त्यांनी जॅझ जिवंत ठेवला. गोव्याच्या नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्याबरोबर त्यांनी राग आणि जॅझ एकत्र आणणारं काम केलं. ‘सिल्क’ या बँडमध्ये त्यांच्यासोबत शिवमणी, कार्ल पीटर्स आणि शंकर महादेवन होते. हेच शंकर श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकले आणि पुढे ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये आपल्या सगळ्यांसमोर आले. 1978 साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, आणि बाहेरचे मोठे वादक व इथले वादक एका व्यासपीठावर दिसू लागले. 2008 साली गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचा ‘फ्लोटिंग पॉइंट’ आणि माइल्स डेव्हिस यांच्या संगीताला भारतीय वादकांनी दिलेली मानवंदना ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ हे दोन अल्बम निघाले. दोन्हींत बँक्स आहेत आणि दोन्हींना ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मॅकलॉफ्लिन माइल्स यांच्याबरोबर वाजवलेले, बँक्स ‘ब्लू फॉक्स’मध्ये घडलेले, आणि दोघं एकाच ध्वनिमुद्रणात, ही साधी गोष्ट नाही. बँक्स यांचा मुलगा जिनो आज ड्रम वाजवतो.

‘मिले सुर’ लोकांसमोर आलं 15 ऑगस्ट 1988 रोजी, लाल किल्ल्यावरच्या भाषणानंतर, दूरदर्शनवर. शब्द पीयूष पांडे यांचे, सुरुवात भीमसेन जोशी यांच्या आवाजात. चालीचं श्रेय कुठे भीमसेनांना, कुठे अशोक पत्कींना, कुठे बँक्स यांना दिलेलं आढळतं. मला त्या वाटणीत शिरायचं नाही. पत्कींची नावीन्याची ओढ आपण मराठी गाण्यांतून ओळखतो, भीमसेनांच्या भैरवीबद्दल मी काय सांगावं! पण गाणं दर काही ओळींनी भाषा बदलतं, गायक बदलतात, गाव बदलतं, नदी बदलते, आणि तरी ते फाटत नाही. ते नीट ऐका. चौदा भाषांच्या वळणांना एका पाठोपाठ एक जोडताना खालची जमीन कुणाला तरी शिवावी लागते. भैरवीत जॅझवाला काय करत होता, याचं उत्तर मला तिथे ऐकू येतं. दर वळणावर जमीन सरकवायची आणि वरच्या गाणाऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे त्याने आयुष्यभर रोज रात्री केलेलं काम होतं.

आणि हे काम करणारे बँक्स पहिले नव्हेत. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. ती कागदावर उतरवून पन्नास वादकांत कोणी काय वाजवायचं हे लिहायचे ते अरेंजर. शंकर-जयकिशन यांच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा होते. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (1951) ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आहेत. त्यांचं खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, आणि ते बँडसह पडद्यावरही दिसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’तल्या (1977) गाण्यात अमिताभ जे नाव सांगतो ते प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेलं आहे. सारा देश ते नाव गुणगुणला, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. याचं मला वाईट वाटतं. श्रेयनामावलीत ही माणसं ‘सहायक’ म्हणून बारीक अक्षरात यायची, नाहीतर यायचीच नाहीत. म्हणून तुम्ही दुकानात बसून ‘याच्या संगीतात कोणाचा हात होता’ असं विचारता, तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

आता नातवाचं काय करायचं ते सांगतो. पियानो घ्यायला धावू नका. पेटी पाटावर ठेवा, नातवाला पुढे बसवा आणि तुम्ही पेटीच्या मागे बसून भाता धरा. दाब एकसारखा ठेवा, खेचाखेच नको. त्याला म्हणावं, उजव्या हाताने ‘मिले सुर’ची पहिली ओळ वाजव आणि डाव्याने खालच्या सप्तकात सा, कोमल ग, प धरून ठेव. ओळीचा शेवट जवळ आला की डावा हात म, कोमल ध, सा यांवर ने. कुठे खटकतं आणि कुठे गोड लागतं हे त्याचं तोच ठरवील. खटकलं तर थांबवू नका, फक्त हवा चालू ठेवा.