कर्करोगाच्या गाठीतील प्राणवायूची टंचाई

मळ्याची राखण करणारा कुत्रा हा नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाचा जुना सोबती होय. त्याच्या अंगावर गाठ दिसली, तर ती आपोआप बसेल अशा समजुतीने पुष्कळदा दुर्लक्ष केले जाते. गाठ फुटून दुर्गंधी सुटल्यावर मगच पशुवैद्याची आठवण होते. गाठ कर्करोगाची असल्यास हा विलंब का घातक ठरतो, याचे एक महत्त्वाचे कारण गाठीच्या अंतर्भागात दडलेले असते. ते म्हणजे प्राणवायूची टंचाई.

टंचाई कशी निर्माण होते?

शरीरातील पेशींना प्राणवायू रक्तातून मिळतो. केशवाहिनीबाहेर पडलेला प्राणवायू मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी अंतरात संपून जातो. निरोगी अवयवात या वाहिन्यांचे जाळे दाट व सुसूत्र असते. कर्करोगाच्या गाठीत पेशी भराभर वाढतात. तेथील नव्या रक्तवाहिन्या मात्र वेड्यावाकड्या, गळक्या व अपुऱ्या असतात.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी न पोहोचणे म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगावयास नको. वाघाड प्रकल्पावर ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापून हा प्रश्न सोडविला. गाठीत अशी वाटणी करणारे कोणी नसते. रक्तवाहिनीलगतच्या पेशी पोसल्या जातात, त्यापलीकडील पेशी उपाशी राहतात आणि त्याहून दूरच्या पेशी मरून तेथे कुजका गाभा तयार होतो.

ब्रिटनमधील थॉम्लिन्सन व ग्रे या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फुप्फुसातील गाठींचा अभ्यास करून १९५५ मध्ये ही रचना दाखवून दिली. पुढे कुत्र्यांच्या गाठींमध्ये सुईसारखा सूक्ष्म विद्युताग्र घालून प्राणवायूचा दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला. निरोगी ऊतींत हा दाब पाऱ्याच्या काही दशक मिलिमीटर असतो. गाठीच्या काही भागांत तो १० मिलिमीटरपेक्षाही कमी आढळला. एकाच गाठीत जवळजवळच्या दोन ठिकाणी मोठी तफावत असू शकते.

उपचारांवर परिणाम

उपाशी पेशी मरतातच असे नाही. त्या चिवट बनतात. प्राणवायूविना असलेली पेशी नष्ट करण्यासाठी किरणोपचाराची सुमारे अडीच ते तीनपट मात्रा लागते. औषधेही त्याच अपुऱ्या वाहिन्यांतून जात असल्याने तेथवर पुरेशी पोहोचत नाहीत. प्राणवायू कमी होताच पेशी नव्या रक्तवाहिन्या व प्रसार यांना चालना देणारी जनुके जागी करतात. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखतात, याच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कुत्र्याला कर्करोग माणसाप्रमाणेच नैसर्गिकरीत्या होतो आणि तो आपल्याच परिसरात राहतो. म्हणून त्याच्यावरील उपचारांचे ज्ञान मानवी वैद्यकालाही उपयुक्त ठरते.

आपण काय करावे?

महिन्यातून एकदा कुत्र्याच्या अंगावरून, विशेषतः स्तनांवरून, हात फिरवून पाहावे. गाठ लहान असतानाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. गोचिडांचा बंदोबस्त करावा. गोचिडांमुळे होणाऱ्या रोगांनी रक्तक्षय होतो आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारा जननेंद्रियांचा कर्करोग आपल्या देशात नेहमी आढळतो. सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीन या औषधाने तो बहुधा बरा होतो. मात्र हे औषध पशुवैद्यानेच द्यावयाचे असते. सदाफुलीचा काढा हा त्याला पर्याय नव्हे. मादीची नसबंदी पहिल्या माजापूर्वी केल्यास स्तनांच्या गाठींचे प्रमाणही फार कमी राहते.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. ग्रामपंचायतींनी ती पार पाडताना, पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या अंगावरील गाठींची तपासणी करून घेतली, तर एकाच खर्चात दोन कामे साधतील. शिक्षकांनीही ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी. गाठ जितकी लहान, तितका तिच्यातील टंचाईचा भाग लहान आणि उपचारास यश येण्याची शक्यता अधिक.