तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि धाकटीं भावंडें



श्रावणी अमावास्येस पोळा झाला कीं दुसऱ्या दिवशीं आपल्या विदर्भांत मुलांचा तान्हा पोळा भरतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडेहि मुलें सजविलेला लाकडी नंदी ओढीत घरोघर बोजारा मागतात. हा आनंद निर्दोष आहे. परंतु सण सरल्यावर तोच नंदी घरांतील तान्ह्या भावंडाच्या तोंडांत जातो, हें आपण विसरतों. आमच्या घरीं एकदां नंदीच्या गळ्यांतील मणी नऊ महिन्यांच्या मुलीच्या तोंडांत सांपडला. तिच्या आईचें लक्ष गेलें म्हणून अनर्थ टळला.

१ जानेवारी २०२१ पासून भारतांत खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचें झालें. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालास त्यांतून सूट मिळाली. गांवच्या सुताराच्या नंदीवर तें चिन्ह बहुधा नसतें. म्हणून तो टाकूं नये; त्याची परीक्षा आपणच करावी.

पहिली परीक्षा आकाराची. तपासणींत सुमारें ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो सुटा तुकडा तींत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशांत अडकूं शकतो. म्हणून मणी, घुंगरूं आणि चाकाची खुंटी जोरानें ओढून पाहावी.

दुसरी रंगाची. कांहीं रंगांत शिसें असतें. पोटांत गेलेलें शिसें मोठ्या माणसाच्या चार ते पांचपट प्रमाणांत मुलाच्या शरीरांत शोषलें जातें व मेंदूस अपाय करतें. घरगुती रंगांत शिसें दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. नंदी रंगवितांना डब्यावर तसा उल्लेख पाहावा. जुना रंग खरवडून त्याची धूळ घरांत करूं नये.

तिसरी बॅटरीची. यात्रेंतील दिव्यांच्या व गाण्यांच्या खेळण्यांत बटनाएवढा सेल असतो. तो अन्ननलिकेंत अडकल्यास दोन तासांतहि तिला गंभीर जखम करतो. सेलचें झांकण स्क्रूनें बंद असावें. मुलानें सेल गिळल्याची शंका येतांच वांति न करवितां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

आपल्या अरण्यप्रदेशांत हें सोपें नाहीं. पोळा पावसाळ्यांत येतो, आणि पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडाचा मार्ग अनेकदां बंद पडलेला आहे. जेथें रुग्णालय दूर, तेथें सावधपणा घरींच हवा.

तेव्हां मित्रहो, पुढील पोळ्यास नंदीला तोरण बांधण्यापूर्वीं या तीन परीक्षा करा, आणि धाकट्या भावंडाच्या हातीं तो देतांना स्वतः जवळ बसा. थोरलेपणाचें हें पहिलें कर्तव्य होय.