जुलैची सुट्टी आणि खडकाची पकड

प्रश्न : जुलैत दोन आठवडे रजा आहे. बोल्डरिंगसाठी, म्हणजे दोराशिवाय बुटक्या खडकांवर चढायला, पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोला जावे का?

उत्तर : नाव मोठे आहे, पण महिना चुकीचा. फॉन्तेनब्लोच्या वालुकाश्मावर बऱ्याच ठिकाणी बोटे अडकवायला कड नसते. गोलसर उतारावर तळवा नुसता घर्षणाने टिकतो. उकाड्यात हात घामेजतात, बुटाचे रबर मऊ पडते आणि थंडीत सहज जमणारी चाल हातून निसटते. म्हणून ठिकाण कीर्तीपेक्षा ऋतू पाहून निवडावे, असे माझे मत. जुलैत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या उत्तरेला, सेडरबर्ग डोंगरातल्या रॉकलँड्सचा जून ते ऑगस्ट हाच मुख्य हंगाम.

यावर कोणी म्हणेल, तिथे पाऊसही हिवाळ्यातच पडतो. खरे आहे, आणि ओला वालुकाश्म ठिसूळ होऊन पकडी तुटतात, त्यामुळे खडक पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पण दोन आठवड्यांत असे काही दिवस वाया गेले तरी बोटांच्या कातडीला विश्रांती हवीच असते! जवळच्या क्लॅनविल्यम गावाहून खडकांपर्यंत गाडी लागते. वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. क्रॅशपॅड, म्हणजे पडताना झेलणारी जाड गादी, तिथेच भाड्याने घ्या. चढाईचा परवाना आणि व्हिसा मात्र आधीच पाहा. युरोपच हवा असेल, तर स्वित्झर्लंडमधले मॅजिक वूड उंचावर आणि झाडांच्या सावलीत आहे. फॉन्तेनब्लोसाठी ऑक्टोबर गाठा.