जवसाची चटणी गोळीच्या जागी नको

प्रश्न : यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून कच्चा लसूण, जवसाची चटणी आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेणार म्हणतात. चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, चटणी जरूर वाढा, पण गोळी थांबवू देऊ नका. ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, कोलेस्टेरॉल तर उतरवतेच, शिवाय रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटू नये म्हणूनही ती लागते. हे काम लसणाच्या आवाक्यातलं नाही. गोळीने अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं.

जवस भाजून, कुटूनच खा. अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात. मासे चालत असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नव्हे, कालवणात. कॅप्सूल मात्र स्वतःहून सुरू करू नयेत. माशाच्या तेलाच्या जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि लसणाच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. आमटी-भाजीतला लसूण निर्धास्त खावा.

मिठाकडे अधिक लक्ष द्या, असा माझा आग्रह आहे. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात पापड-लोणचंही आलं. कमी सोडियमचं मीठ विचारूनच आणा. त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचं.