ठिपका, ठोकळा आणि मारिओची उडी

ठिपक्यांची रांगोळी काढताना किंवा दुसुतीवर भरतकाम करताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. फूल कितीही वाटोळे असो, वेल कितीही वळणाची असो, ती शेवटी सारख्या अंतरावरच्या घरांतच बसवावी लागते. वळण म्हणजे बारीक बारीक पायऱ्याच. जुन्या व्हिडिओ खेळांतील चित्रे अशीच बनत आणि प्लॅस्टिकच्या जोड-ठोकळ्यांची चित्रेही अशीच बनतात. म्हणूनच या दोहोंची जोडी छान जमते. या जोडीतून भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे कोणते धडे मिळतात ते आज पाहू.

मोठ्यांचे खेळणे

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. त्यातून ‘लेगो’ ही कंपनी उभी राहिली. आजचा सुपरिचित ठोकळा, म्हणजे वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेला, २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवला गेला.

हे खेळणे लहान मुलांचे खरे, पण आता मोठ्या माणसांसाठीही त्याचे संच निघतात. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डो या टीव्ही-खेळयंत्राची २,६४६ तुकड्यांची प्रतिकृती २०२० साली निघाली. ‘अटारी २६००’ या १९७७ सालच्या यंत्राची २,५३२ तुकड्यांची प्रतिकृती २०२२ साली, तर ‘पॅक-मॅन’ या १९८० सालच्या खेळाच्या कपाटाची २,६५१ तुकड्यांची प्रतिकृती २०२३ साली आली. खोक्यावर ‘१८+’ असे छापलेले असते. त्यात धोकादायक असे काही नसते. मात्र जोडणी लांबलचक आणि किचकट असते, आणि हे खेळ ज्यांनी लहानपणी खेळले ती माणसे आता प्रौढ झाली आहेत.

चित्र मावेना, म्हणून ठसे

निन्टेन्डोच्या त्या यंत्राचे चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच असे. एकूण ठिपके किती? २५६ × २४० = ६१,४४०. प्रत्येक ठिपक्याला चार रंगांपैकी एक द्यायचा तर त्याची नोंद ठेवण्यास दोन बिट लागतात. म्हणजे १,२२,८८० बिट, अर्थात १५,३६० बाइट. परंतु यंत्रात चित्रासाठी ठेवलेली स्मृती होती फक्त २,०४८ बाइट! पातेल्यात पंधरा शेर दूध ओतायचे आणि पातेले दोन शेरांचे, अशी ही अडचण.

अभियंत्यांनी काय केले? छापील साडीच्या कारागिराकडे जसे लाकडी ठसे असतात, तसे त्यांनी ८ × ८ ठिपक्यांचे ठसे केले. पार्श्वभूमीसाठी असे २५६ ठसे खेळाच्या कार्ट्रिजमध्ये कायमचे कोरून ठेवलेले असत. आता पडद्यावर आडवे ३२ आणि उभे ३०, असे ९६० ठसे बसतात. कोणत्या जागी कितव्या क्रमांकाचा ठसा, एवढेच लक्षात ठेवायचे. एका क्रमांकाला एक बाइट, म्हणजे ९६० बाइट. रंगांच्या नोंदीसाठी आणखी ६४ बाइट. एकूण १,०२४ बाइट! पंधरा हजारांचे काम एक हजारात भागले.

ठसे मोजकेच असल्याने काटकसर करावी लागे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ सालच्या खेळातील आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप नीट पाहा. दोन्ही एकाच ठशांनी काढलेले आहेत, फक्त रंग बदलला आहे. तेव्हा या खेळांची दृश्ये मुळातच ठरावीक ठोकळे मांडून रचलेली होती. त्यांची प्रतिकृती ठोकळ्यांत करावीशी वाटणे स्वाभाविकच आहे.

ठिपका चौरस, ठोकळा मात्र उंच

पण येथे एक अडचण उभी राहते. लेगोच्या ठोकळ्यावरील दोन शेजारच्या उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मि.मी. असते, तर ठोकळ्याची उंची ९.६ मि.मी. असते. १६ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच असे चित्र ठोकळे एकावर एक रचून केले, तर रुंदी १६ × ८ = १२८ मि.मी. आणि उंची १६ × ९.६ = १५३.६ मि.मी. होईल. म्हणजे चित्र २० टक्क्यांनी ताणले जाईल. बुटका, गुबगुबीत मारिओ उंच आणि सडपातळ दिसू लागेल.

यावर उपाय असा की भिंत आडवी पाडायची! उंचवट्यांची बाजू पाहणाऱ्याकडे केली की प्रत्येक घर ८ × ८ मि.मी. चे, म्हणजे चौरस मिळते. मात्र आडवे केलेले तुकडे उभ्या तुकड्यांशी जुळले पाहिजेत. येथे मापे ठरवणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते. ठोकळ्याच्या एक तृतीयांश जाडीची जी पट्टी असते तिची जाडी ३.२ मि.मी. अशा पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मि.मी. होतात, आणि दोन उंचवट्यांची रुंदीही १६ मि.मी.च! पाच उभ्या, दोन आडव्या, की मेळ बसला. लसावि काढण्याचे याहून चांगले उदाहरण शिक्षकांना क्वचितच सापडेल.

पकड कोठून येते?

हे तुकडे गोंद न लावता घट्ट राहतात आणि तरीही हाताने सुटतात. हे कसे?

चार उंचवट्यांचे मध्य जोडले तर ८ मि.मी. बाजूचा चौरस होतो. पायथागोरसच्या सिद्धांताने त्याचा कर्ण ८√२, म्हणजे सुमारे ११.३१ मि.मी. उंचवट्याचा व्यास ४.८ मि.मी. आहे. कर्णाच्या दोन टोकांना उंचवट्यांच्या दोन त्रिज्या येतात, त्या मिळून ४.८. उरले ११.३१ – ४.८ = ६.५१ मि.मी. वरच्या ठोकळ्यातील नळीचा बाहेरचा व्यास नेमका एवढाच ठेवतात. त्यामुळे नळी चार उंचवट्यांच्या मधोमध जाऊन बसते आणि चौघांनाही स्पर्श करते. किंचित दाटी झाली की प्लॅस्टिक थोडेसे दबते आणि स्थितिस्थापकतेमुळे मूळ आकारात येऊ पाहते. त्यामुळे बाजूने दाब पडतो, आणि दाबामुळे घर्षण निर्माण होते. पकड ती हीच. १९४९ पासून निघणाऱ्या आधीच्या ठोकळ्यांत नळ्या नव्हत्या, म्हणून त्यांची रचना चटकन सुटत असे.

दाटी फार झाली तर ठोकळे निघणार नाहीत, कमी झाली तर गळून पडतील. म्हणून साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास राखावी लागते. येथे तुम्ही विचाराल, उन्हाळ्यात प्लॅस्टिक प्रसरण पावेल त्याचे काय? २० अंश सेल्सिअस तापमान वाढले तर ४.८ मि.मी. चा उंचवटा सुमारे ०.००८ मि.मी. ने वाढतो. म्हणजे जवळजवळ राखलेल्या अचूकतेइतकाच! पण उंचवटा आणि नळी एकाच पदार्थाच्या असल्याने दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात आणि पकड तशीच राहते.

हँडल फिरवा, मारिओ उडेल

निन्टेन्डोच्या त्या संचात ठोकळ्यांचा एक जुन्या पद्धतीचा टीव्हीही आहे. त्याच्या कडेला हँडल असते. त्यात विजेची मोटर नाही. हँडल फिरवले की पडद्यामागील साखळीसारखा पट्टा फिरतो. पट्ट्यावर जमीन, विटा आणि नळकांडी बसवलेली असतात. मारिओ पुढे धावतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो जागेवरच असतो आणि जमीन मागे सरकते. आगगाडीच्या खिडकीतून झाडे मागे पळताना दिसतात त्यातली ही सापेक्ष गती!

मग तो वरखाली कसा होतो? मारिओ एका दांड्यावर बसवलेला असतो. पट्ट्याबरोबर फिरणाऱ्या चढउतारांवर तो दांडा टेकलेला असतो. चढ आला की दांडा वर, उतार आला की खाली. यंत्रशास्त्रात अशा उंचसखल भागाला कॅम म्हणतात. मोटारीच्या इंजिनातील झडपा कॅमनेच उघडतात. नीट विचार करा, हा पट्टा म्हणजे अंतर व उंची यांचा ठोकळ्यांनी काढलेला आलेखच आहे.

यंत्राला गुरुत्वाकर्षण ठाऊक आहे काय?

हँडल सावकाश फिरवा, मारिओ सावकाश खाली येईल. भरभर फिरवा, भरभर येईल. हँडल मध्येच थांबवा, तो अधांतरी लटकून राहील. खरा दगड असे कधीच करणार नाही. याचा अर्थ या यंत्राला उडीचा आकार ठाऊक आहे, पण काळ ठाऊक नाही. काळ आपल्या हातातून येतो.

खेळाच्या संगणकात गोष्ट उलट असते. तेथे उडीचा आकार कोठेच साठवलेला नसतो, फक्त नियम असतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने निघते. दर वेळी उंचीत वेग मिळवायचा आणि वेगातून एक ठरावीक आकडा वजा करायचा. हा ठरावीक आकडा म्हणजेच खेळातले गुरुत्वाकर्षण. सोयीसाठी आपण आपलेच आकडे घेऊ. आरंभीचा वेग ४, आणि दर पावलाला वजाबाकी १. मग वेग असे येतात: ४, ३, २, १, ०, –१, –२, –३, –४. उंची शून्यापासून अशी बदलते: ४, ७, ९, १०, १०, ९, ७, ४, ०. ही आलेख-कागदावर मांडा. फेकलेल्या चेंडूचा अन्वस्त तुमच्यासमोर उभा राहील. दोन साध्या क्रियांत, बेरीज आणि वजाबाकीत, गॅलिलिओचा नियम सामावला आहे.

करून पाहा

हे संच महाग असतात. निन्टेन्डोच्या संचाची किंमत तो निघाला तेव्हा अमेरिकेत सुमारे २३० डॉलर होती. पण त्यातील तत्त्व समजण्यास पुठ्ठा पुरतो.

पुठ्ठ्याच्या पट्टीवर आडवे दर २ सें.मी. वर एक खूण करा. वरील उंचींना अर्ध्या सें.मी. चे एकक धरून बिंदू मांडा. पहिला बिंदू शून्यावर आणि सर्वांत उंच बिंदू ५ सें.मी. वर येईल. बिंदू गुळगुळीत रेषेने जोडून वरची कड कापा. काडेपेटीच्या बाहेरच्या कवचातून बॉलपेनची रिकामी कांडी उभी सरकेल अशी बसवा आणि कवच पुस्तकांच्या आधाराने घट्ट धरा. कांडीच्या टोकावर कागदाचा मारिओ चिकटवा. आता कांडीचे खालचे टोक कडेवर टेकवून पट्टी सारख्या वेगाने सरकवा. मारिओ उडी मारील.

पहिल्या चढावर कांडी अडकली तर खुणांतील अंतर २ ऐवजी ३ सें.मी. करा आणि पुन्हा पाहा. चढ तीव्र असला की पुठ्ठा कांडीला वर ढकलण्याऐवजी बाजूलाच अधिक रेटतो. त्यामुळे कवचाशी घर्षण वाढते. कॅम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला हे भान ठेवावे लागते. वर्गात हा प्रयोग करताना शिक्षकांनी मुलांकडून दोन्ही पुठ्ठे करून घ्यावेत. चालणाऱ्या पुठ्ठ्याइतकेच अडकणारा पुठ्ठाही शिकवतो.

स्वाध्याय

१. आरंभीचा वेग ४ ऐवजी ८ केला आणि वजाबाकी १ च ठेवली, तर सर्वांत जास्त उंची किती येईल? ती दुप्पट होते काय?

२. ठशाचा आकार ८ × ८ ऐवजी १६ × १६ ठिपके केला तर पडद्यावर किती ठसे मावतील? स्मृती वाचेल, पण चित्राचे काय नुकसान होईल?

३. आठ उंचवट्यांचे, म्हणजे दोनास चार असे, एकाच रंगाचे दोन ठोकळे एकावर एक किती वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतील? उत्तर २४ आहे. ते कसे येते ते चौकटीच्या कागदावर शोधा. एक सूचना: आधी सर्व ४६ मांडण्या मोजा, मग जोडी अर्धा फेरा फिरवल्यावर कोणत्या मांडण्या एकसारख्या होतात ते तपासा.